गोव्यात मृत्यूचा दाखला: कुठे मिळतो, आणि घेताना काय वाचून पाहावे

समजा, डिचोली तालुक्यातल्या एका घरातले वडील म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात वारले. पार्थिव गावी आणले, गावच्या स्मशानात अग्नी दिला, बारावे-तेरावेही घरीच झाले. पंधरा दिवसांनी मुलगा आपल्या पंचायतीत जाऊन दाखला मागतो आणि सचिव म्हणतात, ही नोंद आमच्याकडे नाही. मुलगा गोंधळतो. वडील जन्मभर याच गावात राहिले, घरपट्टी इथेच भरली, मत इथेच दिले, मग नोंद नाही म्हणजे काय? पण सचिवांचे बरोबर असते. मृत्यूची नोंद माणूस कुठे राहत होता यावर ठरत नाही. प्राण जिथे गेला, त्या जागेवर ज्या पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा अंमल आहे, तिथेच ती होते. म्हापशात मृत्यू झाला, म्हणून दाखला म्हापसा नगरपालिकेचा. अंत्यसंस्कार कुठे झाले याचाही त्याच्याशी संबंध नाही.

गोव्यात हा नियम लोकांना वारंवार आडवा येतो, कारण आपल्याकडे गंभीर रुग्ण गावात थांबतच नाही. काणकोण, केपे, सांगेची माणसे मडगावच्या जिल्हा इस्पितळात (पूर्वीचे हॉस्पिसियो) जातात, पेडणे-बार्देशची म्हापशाला, आणि सगळ्या राज्यातली बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग इथले रुग्णही गोमेकॉत येतात. त्यांच्यापैकी कोणी इथे दगावला तर दाखला गोव्यातूनच घ्यावा लागतो, सिंधुदुर्गातली ग्रामपंचायत तो देऊ शकत नाही. उलट बेळगावच्या इस्पितळात गेलेल्या गोवेकराची नोंद बेळगावला होते.

म्हणून इस्पितळातून पार्थिव ताब्यात घेताना एक प्रश्न न विसरता विचारा: नोंद कुठल्या कार्यालयाकडे पाठवणार? रेकॉर्ड विभागात हे लगेच सांगतात. इस्पितळाचे नाव एका गावाचे आणि हद्द दुसऱ्या पंचायतीची, असेही असू शकते, त्यामुळे अंदाजावर जाऊ नका. त्या वेळी घरच्यांच्या मनाची अवस्था कागदपत्रांकडे बघण्याची नसते. सोबत आलेल्या शेजाऱ्याने किंवा भाच्याने हे काम अंगावर घेतले तर घरावर मोठे उपकार होतात.

रुग्णवाहिकेत वाटेतच मृत्यू झाला तर? चालत्या वाहनातल्या मृत्यूसाठी, वाहन त्यानंतर पहिल्यांदा जिथे थांबते ते ठिकाण नोंदीसाठी धरले जाते. अशा प्रसंगी इस्पितळात आणण्यापूर्वीच मृत्यू झाल्याचे डॉक्टर लिहितात. तेव्हा पुढची नोंद इस्पितळ पाठवणार की घरच्यांनी करायची, हे तिथल्या तिथे स्पष्ट करून घ्या. दोन्ही बाजूंना वाटते की दुसरा करील, आणि नोंद राहून जाते.

नोंद कोण करतो

कायदा देशभर एकच आहे, जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम 1969. 2023 साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून लागू झाली. गोव्यात 191 ग्रामपंचायती, 13 नगरपालिका आणि पणजी महानगरपालिका आहेत. गावात पंचायत सचिव हेच निबंधक असतात, म्हणजे सही त्यांची. शहरात नगरपालिकेचा जन्म-मृत्यू विभाग हे काम पाहतो. या सगळ्यांच्या वर राज्याचे मुख्य निबंधक असतात आणि ती जबाबदारी नियोजन, सांख्यिकी आणि मूल्यमापन संचालनालयाच्या संचालकांकडे आहे.

मृत्यू इस्पितळात झाला तर निबंधकाला कळवण्याची जबाबदारी इस्पितळाची. घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची, आणि ते शक्य नसेल तर जवळच्या नातेवाइकाची. मुदत 21 दिवसांची. घरी मृत्यू झाला असेल तर शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरने तपासले, त्याच्याकडून मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र घ्यायचे. त्याला नमुना 4-अ म्हणतात. इस्पितळ जे देते तो नमुना 4. सोबत स्मशानाची किंवा दफनभूमीची पावती, मृताचे आधार कार्ड आणि माहिती देणाऱ्याची ओळख. पंचायतीत जाण्यापूर्वी फोन करून सचिव कुठल्या दिवशी बसतात ते विचारा. त्यांच्याकडे दुसऱ्या पंचायतीचाही भार असेल तर फेरी फुकट जाते.

इथे दोन कागदांची हमखास गल्लत होते. इस्पितळाने दिलेले कारणाचे प्रमाणपत्र म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे. बँकेत ते चालत नाही. मृत्यूचा दाखला निबंधकच देतो, त्यावर नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख असते, आणि त्याला नमुना 6 म्हणतात.

आणि दाखल्यावर मृत्यूचे कारण नसते. पुष्कळांना ही कचेरीची चूक वाटते, पण कायद्यानेच कारण उघड करायला मनाई केली आहे. माणूस कशाने गेला हा त्याच्या घरचा खाजगी विषय आहे, आणि बँकेच्या किंवा वीज खात्याच्या खिडकीवर तो उघडा पडू नये, हे मला अगदी योग्य वाटते. विमा कंपनीला मात्र कारण लागते. त्यासाठी इस्पितळाच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जपून ठेवा. 2023 च्या दुरुस्तीनंतर ही प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे इस्पितळावर आणि डॉक्टरवर बंधनकारक आहे. मिळाली नाही तर मागून घ्या.

अपघात, बुडून मृत्यू, आत्महत्या अशा प्रसंगी पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन होते. व्हिसेराचा, म्हणजे शवविच्छेदनात तपासणीसाठी काढलेल्या अवयवांच्या नमुन्यांचा, अहवाल यायला कित्येक महिने लागतात. त्यासाठी नोंद अडवून धरण्याचे कारण नाही, कारण दाखल्याला हवी असते मृत्यूची तारीख आणि जागा.

नोंद झाली की सात दिवसांच्या आत माहिती देणाऱ्याला पहिली प्रत विनामूल्य द्यावी लागते. पुढच्या प्रती शुल्क भरून हव्या तेवढ्या मिळतात, आणि त्या सुरुवातीलाच जास्त काढून ठेवाव्यात. बँक, पोस्ट, विमा, पेन्शन, वीज जोडणी, घरपट्टी, जमिनीचा फेरफार, वारसाचा दस्त, जो तो मूळ सहीशिक्क्याची प्रत मागतो. आता नोंदी संगणकावर असतात आणि नव्या दाखल्यावर क्यूआर कोडही असतो, त्यामुळे खरेपणा पडताळणे सोपे झाले आहे. मात्र दाखले देण्याच्या नावाखाली बनावट संकेतस्थळे चालतात, हे ध्यानात ठेवा. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असते. ते नसेल तर तिथे पैसे भरू नका आणि आधार क्रमांकही देऊ नका.

नाव कसे लिहिले, ते वाचल्याशिवाय उठू नका

सगळ्या प्रक्रियेत मी सर्वांत जास्त जोर कशावर देईन, तर यावर. नोंदीच्या फॉर्मवरचा मजकूर बहुतेक वेळा घाईत सांगितलेला असतो. पहाटे तीन वाजता इस्पितळाच्या खिडकीशी उभा असलेला शेजारी गावात सगळे ज्या नावाने हाक मारतात तेच सांगतो. गावासाठी तो माणूस बाबुसो, आणि आधार कार्डावर पांडुरंग. दाखला बाबुसोच्या नावाने तयार होतो आणि बँक म्हणते, आमचे खातेदार पांडुरंग आहेत.

बायकांच्या बाबतीत हे आणखी कठीण होते. आपल्याकडे पूर्वी लग्नात मुलीचे नाव बदलायचे. माहेरी शांती, सासरी लक्ष्मी. सिव्हिल रजिस्ट्रारकडच्या लग्नाच्या नोंदीत एक नाव, मतदार यादीत दुसरे, आणि माहेरच्या जमिनीच्या कागदात तिसरेच. गोव्यात हे फार महत्त्वाचे ठरते, कारण इथल्या नागरी कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, आणि लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नी दोघेही मालमत्तेचे अर्ध्या-अर्ध्या वाट्याचे धनी असतात. आई गेली की तिचा अर्धा वाटा वारसांकडे जातो, आणि तो काढताना माहेरकडून आलेला हिस्साही मोजला जातो. तेव्हा कागदावरची लक्ष्मी आणि माहेरची शांती एकच होती हे सिद्ध करावे लागते. नोंद करतानाच कागदपत्रे दाखवून 'उर्फ' लिहून घेतले, तर पुढे कोर्टकचेऱ्या वाचतात.

आडनावांची आणखी एक अडचण आहे, ती खास गोव्याची. पोर्तुगीज काळातल्या कागदांत आपली नावे पोर्तुगीज उच्चारपद्धतीने रोमन लिपीत लिहिलेली आहेत. आज इंग्रजीत चार अक्षरांत लिहिला जाणारा नाईक तिथे सहा अक्षरांचा आहे, आणि शंकर तर 'एक्स'ने सुरू होतो. संगणकाला हे दोघे वेगळे इसम वाटतात. म्हणून दाखल्यासाठी नाव सांगताना आधारवरचे स्पेलिंग धरा, आणि जमिनीच्या कागदात वेगळे असेल तर ते आधीच वकिलाला दाखवून ठेवा.

प्रत हातात आली की जागेवरच वाचा: नाव, आईचे नाव, वडिलांचे किंवा जोडीदाराचे नाव, मृत्यूची तारीख, जागा, मृत्यूच्या वेळचा पत्ता आणि कायमचा पत्ता. रात्री बाराच्या पुढे मृत्यू झाला असेल तर तारीख विशेष लक्ष देऊन पाहा. घरचे आदल्या दिवसाची सांगतात आणि इस्पितळ दुसऱ्या दिवसाची लिहिते.

चूक राहिलीच तर दुरुस्तीची सोय कायद्यात आहे. लेखनिकाची चूक निबंधक स्वतः तपासून दुरुस्त करतो. आशयाची चूक असेल, म्हणजे नाव किंवा तारीखच वेगळी पडली असेल, तर घटनेची माहिती असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे निवेदन आणि पुरावे लागतात. मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहितात आणि तारखेसह सही करतात. इस्पितळाने पाठवलेल्या माहितीतच चूक असेल तर आधी इस्पितळाचे दुरुस्तीपत्र आणा, नाहीतर कचेरी तुम्हाला परत तिथेच पाठवील.

उशीर झाला असेल तर

21 दिवस उलटून गेले, पण 30 दिवस पुरे व्हायचे आहेत, तर विलंब शुल्क भरून निबंधकच नोंद करून घेतो. 30 दिवसांनंतर एका वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. पूर्वी यासाठी नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र लागायचे, आता स्वतः साक्षांकित केलेला दस्तऐवज चालतो. एक वर्ष ओलांडले की दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. हे अधिकार पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होते. 2023 च्या दुरुस्तीने ते जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आले. त्यामुळे आता हा रस्ता उपजिल्हाधिकारी कार्यालयातून जातो, आणि दहा वर्षांपूर्वी कोर्टातून हुकूम आणलेल्या काकांचा सल्ला आज तसाच लागू पडत नाही.

तिथे जाण्यापूर्वी निबंधकाकडून 'नोंद उपलब्ध नाही' असे प्रमाणपत्र घ्यावे लागते, ते नमुना 10. मग मृत्यू झाल्याचा पुरावा: इस्पितळाचा कागद, स्मशानाची पावती, ख्रिस्ती कुटुंब असेल तर चर्चच्या दफन नोंदवहीचा उतारा. यातले काहीच नसेल तर काम कठीण होते. म्हणून आज ज्यांना दाखल्याचे तातडीचे काम नाही, त्यांनीही नोंद झाली आहे की नाही एवढे तरी पाहून घ्यावे.

आजोबांचा दाखला

गोव्यात मृत्यूच्या दाखल्यासाठी येणाऱ्यांत अलीकडच्या मृत्यूंसोबत पन्नास-साठ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसांचे नातू-पणतूही असतात. याचे कारण जमीन. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या, उताऱ्यावर अजून आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव असते. ते उतरवून आजच्या वारसांची नावे चढवायची तर मधल्या प्रत्येक मृत व्यक्तीचा दाखला लागतो. वारसांचा दस्त विशेष नोटरीसमोर करायचा असो की दिवाणी कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याची कार्यवाही, चालवायची असो, साखळीतली एक कडी गळली की काम थांबते. वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाहीचा गोव्याचा कायदा 2012 चा, आणि तो लागू झाला 2016 च्या डिसेंबरात.

जुनी नोंद शोधायची कुठे? 1969 चा कायदा गोव्यात 1971 च्या सुमारास प्रत्यक्षात आला आणि तेव्हापासून नोंदी पंचायती आणि नगरपालिकांकडे आहेत. त्याआधीच्या नोंदी पोर्तुगीज पद्धतीच्या, तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार कार्यालयातल्या. त्याहून फार जुनी पुस्तके पणजीला पुराभिलेख खात्यात. पुस्तके पोर्तुगीजमध्ये, हस्तलिखित, आणि त्यांची पूर्ण नक्कल हवी असेल तर 'तेओर' प्रत मागायची. त्यात नोंदीचा सगळा मजकूर जसाच्या तसा येतो. मृताचे आईवडील, जोडीदार, वय, गाव असा तपशील त्यातून सापडू शकतो, आणि वारसांची साखळी जुळवायला तो फार उपयोगी पडतो. परवडत असेल तर तेओरच घ्या.

खरी अडचण तारखेची असते. शोधायला किमान वर्ष आणि महिना लागतो, आणि घरात तारीख कोणालाच ठाऊक नसते. तिथी मात्र ठाऊक असते. आजोबांचे श्राद्ध दरवर्षी ठरलेल्या तिथीला होत आलेले असते, घरातल्या वडीलधाऱ्या बाईला ती तोंडपाठ असते. मग वर्षाचा अंदाज काढायचा: 'गोवा सुटला (1961) त्याच्या आधी की नंतर', 'मोठ्या आत्याच्या लग्नाच्या आधी की नंतर'. वर्ष ठरले की त्या वर्षीच्या पंचांगातून तिथीची तारीख निघते. अंदाजात चूक धरून मागचे-पुढचे एक-दोन वर्षही शोधायला सांगा. आणि नोंद मृत्यूच्या दिवशीच झालेली असते असे नाही, म्हणून पुढचे काही आठवडेही पाहायला हवेत. घरातली जुनी वही, देवळाच्या पावत्या, भटजींकडची टिपणे, असे काहीही उपयोगी पडते. घरात ज्यांना हे आठवते ती माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत, तेव्हा त्यांच्याकडून तिथ्या आताच लिहून घ्या.

समुद्रावर आणि परदेशात

गोव्यात तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारे, आणि आखातात नोकरी करणारे घरोघरी आहेत. परदेशात मृत्यू झाला तर तिथल्या सरकारी यंत्रणेकडे नोंद होते आणि तो दाखला मूळ धरतात. तिथला भारतीय दूतावासही नोंद घेतो, आणि पार्थिव पाठवण्यासाठी त्याचे ना हरकत पत्र लागते. पार्थिव गावी आणून इथे अंत्यसंस्कार झाले तरी गोव्यातली पंचायत मृत्यूची नोंद करू शकत नाही. त्यामुळे परदेशी दाखल्याच्या प्रती तिथूनच जास्त आणायला सांगा. अरबीत असेल तर अधिकृत भाषांतर, आणि साक्षांकन किंवा अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात खरा धरला जावा म्हणून त्यावर लावलेले सरकारी प्रमाणपत्र) तिथेच करून घ्या. इथे आल्यावर ते करणे महाग पडते आणि वेळही जातो.

ट्रॉलरवरून पडून माणूस बेपत्ता झाला आणि देह मिळालाच नाही, तर घरच्यांची अवस्था सांगण्यापलीकडची असते. कायद्याने अशा माणसाबद्दल, त्याची खबर ज्यांना मिळायला हवी होती त्यांना सात वर्षे काहीच कळले नाही, तर तो मृत असल्याचे गृहीत धरता येते. पण ते आपोआप होत नाही, त्यासाठी दिवाणी कोर्टाचा हुकूम घ्यावा लागतो. पोलिसांत बेपत्ता असल्याची तक्रार पहिल्याच दिवशी नोंदवा आणि तिची प्रत जपा, कारण सात वर्षे कधीपासून मोजायची हे त्या कागदावरून दाखवता येते.

दाखला मिळाल्यावर सरकारी योजनांच्या कार्यालयांना लगेच कळवा. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे किंवा गृह आधारचे पैसे मृताच्या खात्यात येत राहिले तर पुढे ते परत करावे लागतात. मतदार यादीतून नाव काढायला नमुना 7 भरायचा.

आणि निबंधकाने नोंद करायला किंवा दुरुस्तीला नकार दिला, तर तोंडी नकारावर परत येऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकार लेखी मागा. निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध 30 दिवसांच्या आत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येते आणि त्यांनी 90 दिवसांत निकाल द्यायचा असतो. तिथेही समाधान झाले नाही तर पुढचे अपील मुख्य निबंधकाकडे.